फोन वाजण्याआधीची घरघर

योहान बोर्डेने भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि शर्टाच्या खिशातला मोबाइल वाजला. ताट तसंच टाकून तो अंगणात गेला. परत येऊन बसला, घास तोंडाशी नेला, तर पुन्हा फोन. या वेळी तो उठलाही नाही. कानाला फोन लावून, डाव्या हाताने कालवणाची वाटी पुढे ओढत बोलत राहिला. "गाडी न्हावऱ्याला पंक्चर? मग स्टेपनी काढा ना राव! मी काय इथून चाक बदलू?"

वाचकहो, आज हे दृश्य आपल्यापैकी कुणाच्याच घराला नवं नाही. पण ही हकिकत दोन हजार चार सालातली. तेव्हा शिरूरच्या त्या गल्लीत मोबाइल एकट्या योहानकडे होता. रांजणगावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो डिस्पॅच सुपरवायझर होता. माल भरलेल्या गाड्या नगर रस्त्याने कुठं पोहोचल्या, कुठं अडकल्या, हे त्याला सदासर्वदा ठाऊक असावं म्हणून कंपनीने त्याला फोन दिला होता. फोन आला आणि योहानची झोप, जेवण, रविवारची उपासना, सगळ्यांत एक धाकधूक शिरली. फोन वाजत नसला तरी त्याचा हात खिशाकडे जाई.

त्याच ताटांच्या पंगतीत, भिंतीला टेकून खुर्चीत, त्याची आई बसलेली असे. एलिझाबेथबाई. मिशनच्या आळीतल्या शाळेत त्यांनी जन्मभर मुलं शिकवली. शिरूरचा निम्मा बाजार त्यांच्या हाताखालून गेलेला, त्यामुळे म्हातारेकोतारेसुद्धा त्यांना 'बाई'च म्हणत. निवृत्तीनंतर त्यांचे कान गेले. पुण्याहून कानामागे लावायचं मशीन आणलं होतं, त्यावर त्यांचं ऐकणं चालायचं.

फोन घरात आल्यानंतरच्या पहिल्या महिन्यातच बाई म्हणाल्या होत्या, "योहान, माझ्या मशीनमध्ये काहीतरी घरघरतं रे. सुताराने लाकडावर रंधा मारावा तसं. मधूनच सुरू होतं, मधूनच थांबतं."

"मशीन जुनं झालंय आई. बघू," योहान म्हणाला होता, आणि तेवढ्यात वाजलेला फोन घेऊन बाहेर गेला होता.

बाईंनी सुनेला सांगून पाहिलं. ब्लेसी स्वभावाने चांगली. पण शिवणाची कामं, घर आणि लोडशेडिंग यांच्यात ती पार गुरफटलेली. "सेल बदलून बघू या आई," म्हणून तिने सेल बदलले. घरघर काही गेली नाही.

मात्र बाईंच्या एक ध्यानात आलं होतं. ही घरघर सुरू झाली, की पाठोपाठ योहानचा फोन वाजतो.

गल्लीतल्या पुष्कळ बायकांनी आपल्या परगावच्या लेकरांना योहानचाच नंबर दिला होता. रविवारी दुपारी फोन बाईंच्या खुर्चीशेजारच्या फळीवर चार्जिंगला लावलेला असे, कारण घरात सोयीचं बटण तेवढं एकच. पडवीत बायका वाट बघत बसत. धुरपदाची मुलगी गिताबाई सुरतेला दिलेली. तिचा फोन यायचा तो दुपारीच. एका रविवारी धुरपदा उठून निघाली होती, तर बाई आतून म्हणाल्या, "थांब गं, आला तुझ्या पोरीचा."

फोन गप्प होता. बायका हसल्या. आणि दुसऱ्याच क्षणी तो खणाणला! पलीकडून गिताबाई बोलत होती.

तसंच पुढच्या रविवारी झालं. त्याच्या पुढच्याही. शेजारची दगडाबाई गालावर हात ठेवून म्हणाली, "आगं बया! बाईंना आधी कसं कळतंय? ह्यास्नी तर धड ऐकाया बी येत न्हाई!"

"अगं, माझ्या मशीनमध्ये आवाज येतो," बाईंनी सांगितलं. पण ज्याला चमत्कार हवा असतो, त्याला सरळ कारण कसं पटावं? "मोठ्या मनाची माणसं आपल्या तोंडानं सांगत न्हाईत," असं म्हणून दगडाबाईने हात जोडले, आणि आठवडाभरात ती गोष्ट बाजारपेठेपासून पाषाणमळ्यापर्यंत पोहोचवली.

माणसं येऊ लागली. कुणाची म्हैस हरवलेली, कुणाचं लग्न जमत नव्हतं, कुणाचा नवरा रुसून गेलेला. बाई हरेकाला समजावत, "अरे, मला काही कळत नाही." लोक नारळ ठेवून जात. बोर्ड्यांच्या घरी नारळ! चर्चच्या पाळकसाहेबांनी योहानला बाजूला घेऊन सांगितलं, "हे थांबव. तुझ्या आईला हे आवडत नाहीये, तिच्या चेहऱ्यावर दिसतं."

योहान हसला. "लोक प्रेमाने येतात साहेब. आपण कुणाला बोलावलंय का?"

खरं सांगायचं तर त्याला ते थोडं बरंही वाटत होतं. कारखान्यात त्याला कुणी विचारत नव्हतं, नुसतं दटावत होतं. इथं गल्लीत शिरताच माणसं म्हणत, "बाईंचे चिरंजीव आले." आणि आईला विचारायला, दोन घटका तिच्यासमोर बसायला त्याच्याकडे वेळ कुठं होता?

इकडे बाईंचा जीव घाबरा होई. घरघर वाढतच होती. जेवताना योहान शेजारी बसला की कानात रंधा. तो जवळून गेला की रंधा. कधी फोन वाजायचाही नाही, नुसती घरघर येऊन जायची आणि त्या दचकून बसायच्या. अखेर एके दिवशी त्यांनी मशीन कानावरून काढलं, रुमालात गुंडाळलं आणि उशाखाली ठेवून दिलं. डोक्यात शांतता झाली. पण त्या शांततेत आता कुणाचाच शब्द पोहोचत नव्हता.

हे घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. आई हल्ली कमी बोलते, एवढंच योहानला जाणवलं. वय झालं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

लोक मात्र येतच राहिले. बाई त्यांच्या ओठांकडे बघत, हसत आणि मान हलवत. "होईल, होईल सगळं चांगलं," असं म्हणत. दुसरं काय म्हणणार? आणि लोकांना तेवढंच पुरे होतं.

धुरपदाचा नवरा भैरू बाजार समितीत हमाल होता. कांद्याची पोती पाठीवर घेऊन त्याची पाठ फरशीसारखी झालेली. एका सकाळी कामाला निघताना तो उंबऱ्यातच बसला. छातीत कळ, डाव्या हाताला मुंग्या, कपाळावर घामाच्या धारा. धुरपदा घाबरली. दवाखाना हाकेच्या अंतरावर होता. पण तिचे पाय वळले ते बाईंच्या घराकडे.

"बाई, ह्यांच्या छातीत लई कळ येतीया. दवाखान्यात न्यू, का घरीच ऱ्हाऊ दिऊ? घरीच बरं वाटंल न्हवं?"

बाई खुर्चीत बसल्या होत्या. कान रिकामे. त्यांना दिसली ती फक्त धावत आलेली, काहीतरी विचारणारी धुरपदा. त्या नेहमीसारख्या हसल्या, मान हलवली आणि म्हणाल्या, "होईल, सगळं चांगलं होईल."

धुरपदाचा जीव भांड्यात पडला. तिने घरी येऊन भैरूला ओव्याचं पाणी दिलं आणि वाकळेवर निजवलं.

दुपारी योहान गाडीच्या कागदांसाठी घरी आला, तेव्हा गल्लीत आकांत चालला होता. भैरूचे ओठ निळे पडले होते, डोळे फिरले होते. योहानने खिशातून फोन काढला. त्या दिवशी त्याच फोनने जीप बोलावली, दवाखान्याला कळवलं, तिथून पुण्याच्या रुग्णालयात जागा मिळवली. भैरू वाचला. पण डॉक्टर योहानला म्हणाले, "सकाळीच आणलं असतं तर हृदयाचं एवढं नुकसान झालं नसतं. आता ह्यांना ओझं उचलता येणार नाही. कधीच."

"सकाळी का नाही आणलं?" योहानने बाहेरच्या बाकावर बसलेल्या धुरपदाला विचारलं.

धुरपदा त्याच्याकडे बघतच राहिली. "आरं, बाईंनीच सांगितलं की, सगळं चांगलं हुईल म्हनून!"

योहानने तशीच शिरूरची एसटी गाठली.

घरी येऊन त्याने आईसमोर बसून हे सांगितलं. सांगताना त्याला कळलं की आपण बोलतोय ते तिला ऐकूच येत नाहीये. "मशीन कुठंय आई?" त्याने कानाकडे हात करून विचारलं. बाईंनी उशाकडे बोट दाखवलं. अखेर त्याने पाटी घेऊन लिहिलं. बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग पदर तोंडावर धरून त्या अशा हुंदक्यांनी हलू लागल्या की ब्लेसी शिवण टाकून धावत आली.

तीन-चार दिवस बाई नीट जेवल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, "मला दौंडला मेहरुनकडे ने."

मेहरुन ही त्यांची अध्यापिका विद्यालयापासूनची मैत्रीण. दौंडच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, मुलगा आरिफबरोबर रेल्वे क्वार्टरमध्ये राहायची. दोघींची चाळीस वर्षांची मैत्री. एकीच्या घरची ईद आणि दुसरीच्या घरचा नाताळ कधी चुकला नव्हता.

रविवारी योहान आईला घेऊन एसटीत बसला. गाडी न्हावऱ्यावरून पुढे निघाली, दोन्ही बाजूंनी ऊस, पण त्याचं कशात लक्ष लागेना. कारखान्यात कुणीतरी वर्तमानपत्रातलं कात्रण दाखवलं होतं: मोबाइलच्या लहरींनी म्हणे मेंदूत गाठ होते. आई मागे कधीतरी काहीतरी घरघरतं म्हणाली होती. फोन तर तिच्या खुर्चीशेजारीच असायचा! आपणच आईच्या डोक्यात काही रुजवलं की काय? खिशातला फोन त्याला इंगळीसारखा वाटू लागला. त्याने तो काढून पिशवीत टाकला, पुन्हा भीती वाटली की कंपनीचा फोन आला तर, म्हणून पुन्हा खिशात घेतला. शेजारी आई खिडकीबाहेर बघत बसली होती. तिला काही विचारावं तर ती ऐकणार नव्हती. आणि जेव्हा ती सांगत होती तेव्हा आपण काय करत होतो, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवलाही नाही. अजून नाही.

मेहरुनमावशींनी मैत्रिणीला दारातच मिठी मारली. चहा झाला. आपल्या जुन्या शिस्तीत त्यांनी पहिलं काम केलं ते मशीन मागून घेण्याचं. स्वतःच्या हाताने सेल घातले आणि बाईंच्या कानामागे मशीन बसवलं.

"ऐकू येतंय, एलिझाबेथ?"

"येतंय."

"मग काढून का ठेवलं होतंस?"

बाई काही बोलायच्या आत, शेजारी स्टुलावर ठेवलेला आरिफचा मोबाइल वाजला. आरिफ रेल्वेच्या टेलिफोन विभागात होता. त्याचा फोन सारखा वाजायचा. योहानने आईकडे पाहिलं. फोन अगदी तिच्या हाताशी वाजत होता, आणि ती निवांत बशीतला चहा पीत होती. ना दचकली, ना काही आधी बोलली.

थोड्या वेळाने बाईंचा चेहरा एकदम आक्रसला. हात कानाकडे गेला. "आला बघ, योहानचा आला."

योहानच्या खिशातला फोन वाजला!

मेहरुनमावशींनी कप खाली ठेवला. त्यांनी मुलाकडे बघितलं. आरिफने आतून छोटा ट्रान्झिस्टर आणला, दोन स्टेशनांच्या मधे, नुसती खरखर येईल असा लावला आणि शेजारी योहानचा फोन ठेवला. मग आपल्या फोनवरून त्याला रिंग दिली. योहानचा फोन गप्पच होता, पण ट्रान्झिस्टरमधून ठकठक ठकठक घर्रर्र असा आवाज निघाला. पाठोपाठ फोन वाजला.

"हेच!" बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "हेच मला ऐकू येतं! हुबेहूब हेच!"

आता आरिफचा फोन ट्रान्झिस्टरला चिकटवून ठेवला, योहानने आपला फोन घेऊन लांब बाहेर जाऊन रिंग दिली. फोन वाजला, ट्रान्झिस्टरमध्ये फरक म्हणून पडला नाही.

"तुमचा फोन जीएसएम, दादा," आरिफ सांगू लागला. "कार्डवाला. त्यात एकाच वाटेवर सात-आठ फोन असतात, म्हणून प्रत्येकाला पाळी वाटून दिलेली. आपली पाळी आली की फोन जोरात बोलतो, मग गप्प, पुन्हा पाळी. एका सेकंदात दोनशेच्या वर वेळा. ह्या तुटक लहरी मावशींच्या मशीनच्या तारांत शिरतात आणि मशीन त्यांचा आवाज करून कानात सोडतं. माझा सीडीएमए. ह्यात सगळे एकाच वेळी बोलतात, प्रत्येकाची खूण निराळी. त्यामुळे तो सलग बोलतो, तुटक नाही. मशीनला त्याचा त्रास जवळजवळ होत नाही."

"पण वाजायच्या आधी कसं?"

"टॉवरने हाक मारली की फोन आधी मुकाट्याने ओ देतो, मग घंटी वाजवतो. ती ओ मावशींना ऐकू येते. आपल्याला नाही."

योहानने विचारलं, "म्हणजे आईच्या मेंदूला काही…?"

"ही घरघर मेंदूतली नाही दादा, मशीनमधली आहे. बाकी शरीरावर काय परिणाम होतात, त्याचा अभ्यास जगभर चालू आहे. लहरी दोन्ही फोन सोडतात. माझा फोन साजूक आणि तुमचा विषारी, असं कुणी दुकानदार सांगेल. मी नाही सांगणार. जेवढं माहीत आहे तेवढंच बोलावं."

योहानने सुटकेचा श्वास टाकला, आणि त्या सुटकेच्या भरात आईकडे वळून म्हणाला, "आई, अगं मग हे आधी सांगायचंस ना!"

मेहरुनमावशींच्या भुवया वर गेल्या. बाईंनी चहाची बशी खाली ठेवली आणि अगदी सावकाश, वर्गात बोलत तशा त्या बोलल्या.

"सांगितलं होतं, योहान. तू बघू म्हणालास आणि बाहेर जाऊन हॅलो म्हणालास."

योहानला तो क्षण जसाच्या तसा आठवला! आईचं वाक्य, वाजलेला फोन, आपली पाठ! त्याने मान खाली घातली. वर काढवेना.

"ऐक बेटा," मेहरुनमावशी म्हणाल्या. "फोनचे प्रकार आज दोन आहेत, उद्या दहा होतील. कुठला चांगला हे कंपन्या भांडून ठरवतील. पण एकाला जे सोयीचं, ते शेजारच्याला काय करतंय, हे कोण बघणार? तुझ्या कानाला तो फोन गोड होता. तिच्या कानात तो रंधा मारत होता. म्हाताऱ्या माणसाने काही दुखतं म्हटलं की आपण म्हणतो, वय झालं. पोराने म्हटलं की आपण डॉक्टरकडे धावतो. असं का? तू सुपरवायझर ना? मग कारखान्यातलं मशीन घरघरलं तर 'बघू' म्हणतोस?"

"नाही मावशी."

"आणि गल्लीतल्या लोकांना तरी काय नावं ठेवायची! बाईला दैवी शक्ती आहे हे त्यांना पटलं, बाईला त्रास होतोय हे नाही पटलं. तुलाही तो मान आवडलाच असणार."

योहान उठला, आईच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसला आणि तिचे पाय धरून रडला. "आई, चुकलो गं! माझ्यामुळं तू बहिरी झालीस, आणि तुझ्यामुळं नव्हे, माझ्यामुळं भैरू अंथरुणाला खिळला!"

बाईंनी त्याच्या केसांवर हात ठेवला. पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. "तुझं तू बोललास," त्या म्हणाल्या. "माझं मला बोलायचंय. आणि ते इथं नाही."

पुढच्या रविवारी दुपारी बोर्ड्यांच्या पडवीत नेहमीसारखी माणसं जमली. आरिफ दौंडहून मुद्दाम आला होता. पायरीवर ट्रान्झिस्टर, दोन्ही फोन. आरिफने तोच प्रयोग सगळ्यांसमोर करून दाखवला. घरघर उठली की माणसं मागे सरकत, आणि फोन वाजला की एकमेकांकडे बघत.

"म्हंजी आता ह्यो रेडू बी भविष्य सांगतोय म्हना की!" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

दगडाबाईला मात्र ते सोसेना. "बाई, आसं बोलू नगा. द्येवाची देणगी हाय ती. यंत्राचं काय घिऊन बसलाय!"

"दगडाबाई," बाई उभ्या राहिल्या, "तुझा मुलगा माझ्या वर्गात होता. त्याला मी पावसाचं कारण शिकवलं, ग्रहणाचं शिकवलं. आणि तुम्ही माझ्याच दारात नारळ ठेवलेत! देणगी नाही ही. माझ्या कानातला त्रास आहे. त्या त्रासाला तुम्ही हात जोडत होता."

तेवढ्यात गर्दीच्या मागून धुरपदा पुढे आली. भैरूला घरी आणून दोनच दिवस झाले होते. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. तिने आवाज चढवला नाही, एवढंच विचारलं, "बाई, यंत्राचं समदं कळलं. पन योहान सांगत हुता, त्या दिशी तुम्ही कानाला यंत्र लावलं नव्हतं. तुम्हाला ऐकाया आलं न्हाई. मंग मान कशापायी हलवलीत?"

योहानला वाटलं, आपण मधे पडावं. बाईंनी हाताने त्याला थांबवलं.

"लाज वाटली, धुरपदा," त्या म्हणाल्या. "ऐकू आलं नाही, पुन्हा सांग, असं दर माणसाला दर वेळी म्हणायची लाज वाटली. पुन्हा सांग म्हटलं की लोक कंटाळतात, ओरडून बोलतात, नाही तर जाऊ दे म्हणतात. म्हणून मी हसायची आणि मान हलवायची. मला वाटलं, त्याने कुणाचं काय बिघडतं? तुझ्या घरचं बिघडलं. जन्मभर मुलांना सांगितलं, समजलं नाही तर हात वर करा. आणि मीच हात वर केला नाही. मला माफ कर."

धुरपदाने पदराने डोळे पुसले. "दवाखाना सोडून म्या इथं पळत आले. माझं बी चुकलंच की बाई." ती पायरीवर बाईंच्या शेजारी टेकली. "पन हिथून फुडं ऐकाया आलं न्हाई तर सांगा बगा. म्या धा येळा सांगीन. वरडनार न्हाई."

भैरूची हमाली सुटली ती सुटलीच. योहानने खटपट करून त्याला एका गोदामाच्या दाराशी बसायचं काम मिळवून दिलं. पण पोती उचलणारे गडी बघत बसताना भैरूचा चेहरा कसा होई, हे योहानला रोज जाता-येता दिसायचं. काही चुका निस्तरता येतात, पुसता येत नाहीत.

कंपनीचा फोन आता घरात शिरताच बाहेरच्या खोलीतल्या खुंटीवर जाऊ लागला, आईच्या खुर्चीपासून लांब. चार्जिंगसाठी तिथं नवं बटण बसलं. घरासाठी म्हणून योहानने आरिफसारखा दुसरा फोन आणला आणि बाई कितीतरी दिवसांनी मेहरुनशी कानाला फोन लावून पोटभर बोलल्या.

वाचकहो, नवं यंत्र घरात आणताना आपण त्याचा रंग बघतो, आवाज बघतो, किती लांबवर रेंज मिळते ते बघतो. ते जरूर बघावं. पण घरात ज्याचा कान, ज्याचं काळीज, ज्याची झोप आपल्यापेक्षा नाजूक आहे, त्याला ते काय करतं, हेही विचारावं. तो म्हातारा असला, पोर असलं, तरी त्याची तक्रार खरी धरून आधी तपासावी. त्रासाला चमत्कार म्हणू नये आणि चमत्काराला दवाखाना समजू नये. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना 'पुन्हा सांगा' म्हणायची लाज वाटेल असं आपण वागू नये.

पडवीत तो प्रयोग झाला, त्या रात्री जेवणं झाल्यावर योहान आईसमोर पाट घेऊन बसला. "आई, आता सांग. आणखी काय त्रास होतो तुला? काहीही असो, सांग."

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं, तो उठून जाणार नाही ना याची खात्री करून घेतली आणि म्हणाल्या, "मग नीट बस. पहिलं म्हणजे, माझा चष्मा दोन वर्षांपासून बदलायला झालाय. आणि दुसरं…"

योहान ऐकत राहिला. बाईंचं सांगून व्हायला बराच वेळ लागला.